दांडीवर सुकणारी फुलं

आमच्या घरमालकांच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एक छापील, 'कुत्र्यापासून सावध रहा'. ते कुत्रं मरून बरीच वर्षं झाली होती. दुसरी पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली होती : 'फुले मागू नयेत. देवासाठीही.' पहिल्या पाटीवर कुणाचा विश्वास नव्हता. दुसरीवर सगळ्या गल्लीचा होता.

कोपरगावच्या एका कॉलेजात नोकरी लागल्यावर मी खोली शोधत हिंडत होतो, तेव्हा त्या 'देवासाठीही'ने मला थांबवलं. जो माणूस देवाला तोंडावर नाही म्हणतो, तो भाडेकरूशी निदान गोडगोड खोटं बोलणार नाही, असं वाटलं. आत कुंपणाच्या भिंतीलगत एक लांबट वाफा होता आणि वाफ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उकिडवे बसून माती बोटांनी चुरत होते. कॉलेजात नोकरी लागल्याचं सांगून खोलीचं विचारलं तसं त्यांनी वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हनुवटीच्या खाली. बराच वेळ.

"सर, तुमच्या गळ्यात हार बसायचा न्हाई," ते म्हणाले. "मान लईच बारीक हाय. चांगलं हाय ते. कवा येता ऱ्हायला?"

कॉलेजच्या निवड समितीनंसुद्धा माझी इतकी नेमकी पारख केली नव्हती.

गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही म्हणू लागलो. नाना साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कागदोपत्री ते टाइम ऑफिसात कारकून होते. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यभर हार आणले. कारखान्यात माणसाला वाटतं तितकी साखर होत नाही, समारंभ होतात. बॉयलर पेटवायचा समारंभ, गव्हाणीत पहिली मोळी टाकायचा समारंभ, वार्षिक सभा, निवडून आलेल्यांचा सत्कार, पडलेल्यांची समजूत घालण्यासाठी सत्कार, आणि या सगळ्यांच्या वर चेअरमनसाहेबांचा वाढदिवस. अशा वेळी फूलबाजारात जायचं, माल उचलायचा, हार ओवून घ्यायचे, आणि स्टेजच्या मागे ताटं मांडून कुणाच्या हातात कुठला हार द्यायचा ते बघायचं, हे सगळं नानांकडे. चुकीच्या गळ्यात चुकीचा हार गेला तर पुढचं राजकारण बिघडतं, असं ते फार गंभीरपणे सांगत. मी हसायचो. ते हसत नसत.

हार म्हणजे गुलछडीचा. झेंडू त्यांच्या लेखी दसऱ्याला ट्रॅक्टरसाठी होता आणि गुलाब लग्नातल्या मुलांसाठी. गुलछडीची एक युक्ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली. "फुलं ओवायची न्हाईत सर, कळ्या ओवायच्या. सकाळी हार बारीक दिसतो. सांच्याला भाषनं सुरू झाली का कळ्या उमलत्यात. वक्ता जेवढा लांबतो तेवढा हार जाड व्हतो. लोकांना वाटतं, काय तोलामोलाचा हार आनलाय."

"म्हणजे भाषणाचा काहीतरी उपयोग होतो तर."

"तेवढाच," नाना म्हणाले.

माणसं त्यांनी गळ्यावरून ओळखली होती. पुढारी त्यांना नावाने आठवत नसत. "तो वळ्या पडलेला", "तो शर्टाची वरची गुंडी आधीच काढून बसनारा", "तो हार पडला की लगीच काढून मागच्याला देनारा, लई हुशार". खरा मोठा माणूस हार घालून घेताना वाकत नाही आणि खरा लहान माणूस हार दिसायच्या आधीच वाकतो, असं त्यांचं शास्त्र होतं. मी विचारलं, मधले? "मधले फोटोवाल्याकडं बगत्यात."

एका वर्षी आमच्या संस्थेने माझाही सत्कार केला. कशाबद्दल ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. शाल, नारळ आणि हार घेऊन मी घरी आलो तर नाना फाटकातच उभे होते. त्यांनी हार माझ्या हातातून काढून घेतला, दोन्ही हातांवर आडवा धरला, मधलं एक फूल उलटं करून देठाकडून पाहिलं.

"सर, हा सकाळी दुसऱ्या कुनाच्या तरी गळ्यात हुता."

"काय सांगता!"

"पानी मारलंय. दोरा नवा हाय, फुलं जुनी. वाईट वाटून घिऊ नका, आमच्या कारखान्यात पन चालायचं. वरनं खाली येतो हार." मग त्यांनी जरीची झालर आणि दोरा वेगळा काढला आणि फुलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली. माझा सत्कार त्या पावसाळ्यात तिथे कुजला आणि पुढच्या चैत्रात वाफ्यात गेला. शालीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

तो वाफा हे नानांचं सगळं उरलेलं आयुष्य होतं. आमच्या भागातली काळी माती उसाला आईसारखी आणि गुलछडीला सावत्र आईसारखी. पाणी धरून ठेवते, कंद आतल्या आत सडतो, आणि वर पात हिरवीगार असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून नानांनी तिथली काळी माती उपसून मुरूम आणि पोयटा भरला होता, वाफा जमिनीपासून वीतभर उचलून घेतला होता. कंद निवडताना ते भाजीवाल्याकडे कांदे निवडावेत तसे निवडत; आणि खरं म्हणजे दिसायलाही ते लहान, लांबट कांद्यासारखेच. बोटाने दाबून पाहायचे, मऊ लागला की बाजूला. चैत्रात लावणी, आणि मग रोज संध्याकाळी उपडं घमेलं टाकून वाफ्याशेजारी बसायचं. दांडा निघाला की नानांचं बोलणं कमी होई. गुलछडी खालून वर उमलत जाते. वरची शेवटची कळी उघडते तोवर खालची फुलं तपकिरी होऊन लोंबत असतात. एकाच दांडीवर बाळंतपण आणि म्हातारपण. ती तशीच, दांडीवर सुकेपर्यंत, नाना ठेवत. तोडत नसत. गळून पडलेली फुलं पुन्हा वाफ्यातच ढकलत.

आणि वास! ज्येष्ठ-आषाढात सूर्य कलला की सगळी गल्ली त्या वासात बुडायची. ज्या गल्लीत एरवी गटार आणि गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प, तिथे माणसं विनाकारण ओट्यांवर येऊन बसायची. मागायला मात्र कुणाची हिंमत नव्हती. शेजारच्या वहिनी तेवढ्या दर गुरुवारी एकदा प्रयत्न करून पाहायच्या.

"नाना, दोनच फुलं. देवीला."

"पाटी वाचली का?"

"वाचली की. पर देवीला काय वाटंल?"

"तिला म्हना, भिताडाशी येऊन बस. वास फुकाट हाय."

"आवो, देवी कशी येऊन बसंल?"

"मंग ती कसली देवी," नाना म्हणत, आणि वहिनी कानावर हात ठेवून, हसत, परत जात. गणेश मंडळाची पोरं आली तर त्यांनाही हेच उत्तर. स्वतःच्या घरातल्या देवांनासुद्धा जास्वंदीवर भागवावं लागे.

सगळ्यात बहारीचा प्रसंग म्हणजे कारखान्याची माणसं गाडी घेऊन आली तो. हल्ली पुढाऱ्याला हार गळ्यात घालत नाहीत. क्रेनला टांगून चौकात उभा करतात आणि पुढारी जीपमधून त्याच्या खालून जातो. वर जेसीबीच्या बकेटमधून पाकळ्या. असा एक हार करायचा होता आणि तो ओवायला, उचलायला, तोलायला जुन्या माणसाचा सल्ला हवा होता. नानांना खुर्चीत बसवून ते पुढे उकिडवे बसले.

"नाना, तुमच्यासारखा मानूस आता न्हाई. तुमी फक्त किती लांब, किती रुंद ते सांगा."

नानांनी विचारलं, "क्रेन कुनाची हाय?"

"मोफत दिलीय एकानं."

"मंग हार क्रेनलाच घाला. सगळं वझं तीच उचलती."

पाहुणे हसावं की नाही ते न कळून एकमेकांकडे बघू लागले. नाना उठून वाफ्याकडे गेले. त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत खुपसले, ते मी पाहिलं. इतक्या चांगल्या विनोदानंतर माणसाने हात मातीत का खुपसावेत हे मला कळलं नाही, आणि मी तो प्रसंग पुढे स्टाफरूममध्ये अनेकदा सांगितला, हात वगळून.

मी चार बुकं वाचलेला माणूस असल्यामुळे नानांच्या न तोडलेल्या फुलांत मला तत्त्वज्ञान दिसत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी फुलं तोडली, आता एक फूलही कुणाच्या गळ्यात पडू द्यायचं नाही. मिरवण्यावरचा एका कारकुनाचा मूक निषेध, वगैरे. मोठं छान जमलं होतं. ते हिवाळ्यात मोडलं.

कारण हिवाळ्यात नाना तत्त्वज्ञासारखे वागत नव्हते. थंडी पडू लागली की गुलछडी पिवळी पडते, निजते; तिला फाल्गुनापर्यंत उठवू नये, हे कुणीही माळी सांगेल. नानांना ते चांगलं ठाऊक होतं आणि तरी ते दरवर्षी तिच्याशी झगडत. काही कंद मुद्दाम उशिरा लावत, काही आणखी उशिरा, म्हणजे एकाचा बहर संपता संपता दुसऱ्याचा यावा. वाफ्यावर उसाचं पाचट पसरत, बांबूच्या कांबींवर प्लास्टिकचा कागद ताणून त्यात विजेचा दिवा लावत. सकाळी उठून पहिल्यांदा त्या कागदाखाली डोकं घालत. एखादा दांडा दिसला तर दिवसभर बरे असत. नाही दिसला तर घरात येऊन काकूंकडे पाहत बसत. काकू, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापत असायच्या किंवा धापा टाकत असायच्या. त्यांच्या हृदयाची झडप बिघडलेली होती. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. काकूंनी "बगू" म्हणून पिशवी उचलली होती आणि पुन्हा त्या दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

एका दुपारी नाना बाजारात गेले असताना मी काकूंना विचारलं, की फुलं जर तोडायचीच नाहीत तर हिवाळ्यात ती येण्यासाठी एवढी धडपड कशाला? त्या मेथी निवडत होत्या.

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तो वाफा माझ्या मयताचा हाय."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

"खरंच सांगते. माझ्या मयताची तयारी चाललीय, आन सकाळी मलाच म्हनत्यात, जरा पानी मार." त्या हसल्या. हसताना त्यांना दम लागला. मग मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती. नगरला नर्सिंग शिकायची. ज्या वर्षी चेअरमनसाहेबांना क्रेनचा हार घालायचं पहिल्यांदा ठरलं, त्याच वर्षीची गोष्ट. नानांनी आठवडाभर आधीच कोपरगाव आणि राहात्याच्या बाजारातली सगळी गुलछडी सांगून ठेवली होती. हार नीट उतरला पाहिजे म्हणून चार जागी फिरून स्वतः कळ्या पारखल्या होत्या. आदल्या दिवशी मुलीला ताप भरल्याचा निरोप आला तसे दोघं नगरला गेले. हार वर चढताना नाना तिथे नव्हते. तिकडे हार वर गेला, इकडे मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं.

"भाऊबंद फुलं आनायला गेले. कोपरगावात न्हाईत, राहात्यात न्हाईत. दुकानदार म्हनला, नानांनीच उचलला की सगळा माल. गुलछडीची येक दांडी न्हाई गावात. पोरीला लई आवडायची ती. मंग कारखान्यातल्या लोकांना कळलं. चांगली मानसं, सर. त्येंच्या मनात वंगाळ न्हवतं. त्यो क्रेनचा हार यार्डात पडला हुता. त्येंनी कोयत्यानं त्याचा तुकडा तोडला आन टेंपोत घालून आनला."

त्यांनी एक काडी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"सोनेरी जर हुती त्याला. मधी कसलं तरी थर्माकोलचं अक्षर अडकलं हुतं, वाढदिवसाच्या बोर्डाचं, ते मी काढलं. आन ह्येंनी काय केलं म्हाईतीय? हार घातल्यावर जर येका बाजूला गेल्ती. ह्येंनी वाकून सरळ केली. बरुबर छातीवर आनली, मानसं फोटोसाठी करत्यात तशी. सवय हुती हाताला. केल्यावर त्येंच्या ध्यानात आलं, आपन काय केलं ते."

भाजी निवडून झाली होती. सगळ्या मेथीत एक खराब पान त्यांनी राहू दिलं नव्हतं.

"मी मेले तर घरची फुलं पायजेत, बाजारची नकोत. कुनाच्याबी गळ्यात न पडल्याली. येवढंच हाय त्येंचं. मी म्हनते, मला काय दिसनार हाय तवा? पर त्येंना बगायचीत." ताट उचलताना त्या थांबल्या. "म्हनून मी हिवाळ्यात मरत न्हाई. लई नेट लावते."

त्यानंतर मी वाफ्याकडे पूर्वीसारखं पाहू शकलो नाही. आधी मला त्या वासाने बरं वाटायचं. आता सुगंध आला की मी नकळत काकूंच्या खोकल्याकडे कान द्यायचो. दांडे फुललेले असले की मनात येई, आज चालेल. इतकी भयंकर गोष्ट इतक्या शांतपणे मनात येते हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. नानांच्या मनात ती रोज येत असणार. पावसाळ्यात वाफा पांढरा झाला की ते काकूंशी जरा मोकळे बोलत, चहा आपणहून मागत. मार्गशीर्ष लागला की पुन्हा मुके.

एकदा भर पावसाळ्यात काकूंनी त्यांना सरळ सांगितलं. मी तिथेच होतो. "आवो, आत्ता हायती तर येक गजरा करा की. जित्तेपनी घालते. मेल्यावर कशाला?"

नाना वाफ्याकडे बघत राहिले. त्यांनी खरोखर एका दांडीला हात लावला. मग तो मागे घेतला. "कमी पडली तर?" ते म्हणाले.

वाफ्यात त्या दिवशी दांड्यांची दाटी झाली होती. काकूंनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या.

काकूंनी नेट लावला तो पुढच्या पौषापर्यंत पुरला. सकाळची वेळ होती. थंडी अशी की ओट्याची फरशी पायाला चावत होती, कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता, सगळ्या गावावर मळीचा वास बसला होता. चूल पेटवायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं.

नाना आधी वाफ्याकडे गेले. मी त्यांच्या मागून गेलो. त्यांनी प्लास्टिकचा कागद एका हिसक्याने उचलला. खाली पाचट, पिवळी पात, आणि मधोमध एकच दांडा. त्याच्यावर कळ्या होत्या, पण हिरव्या, घट्ट, गव्हाच्या ओंबीएवढ्या. वास नावाला नाही. विजेचा दिवा दिवसाउजेडी जळत होता. नानांनी तो बंद केला नाही. दांड्याकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात फाटकातून कारखान्यातली जुनी माणसं आत आली. एकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार होता. गुलछडीचाच. आता बारा महिने कुठून कुठून येतो माल.

"नाना, हार आनलाय," तो हळूच म्हणाला.

"ठिवा तिकडं," नाना म्हणाले, आणि खुरपं घेऊन खाली बसले.

आत बायकांनी काकूंना आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. सवाष्ण गेलेली, मळवट भरला होता, आता ओटी भरायची होती. वहिनींनी तांदूळ, खण आणि नारळ ताटात मांडून घेतला होता. त्यांनी ओंजळ भरली तेवढ्यात नाना आत आले. शर्टाचा पुढचा भाग दोन्ही हातांनी उचलून त्याची झोळी केलेली, झोळीत मातीने बरबटलेले कंद. मोठे, लहान, पिलांसकट उपटलेले, मुळ्या लोंबत असलेले. सगळा वाफा. ते काकूंजवळ गुडघे टेकून बसले आणि एक एक कंद ओटीत ठेवू लागले. हिरव्या लुगड्यावर काळा-तांबडा चिखल पसरत गेला.

"आवो नाना!" वहिनी घाबरून म्हणाल्या. "मयताच्या वटीत कांदे कसले टाकता?"

नाना थांबले नाहीत. "कांदे न्हाईत," ते म्हणाले. "फुलं हायती. अजून यायचीत."

एका म्हातारीने पुढे होऊन तांदूळ त्या कंदांवरच घातले, आणि बाकीच्या बायकांनी तिचं पाहून घातले. बाजारचा हारही कुणीतरी गळ्यात घातला. तो एका बाजूला कलला होता. नानांनी तो पाहिला. हात लावला नाही.

गोदावरीच्या काठावर सगळं पेटून बसल्यावरही त्या ओटीच्या जागी बराच वेळ काहीतरी चरचरत होतं. ओलं होतं ना. लोक उगीचच नदीकडे बघत राहिले.

त्या सकाळनंतर गल्लीला सगळं कळलं. ओटीत कांदे का घातले याची उत्तरं द्यावी लागली आणि ती कुणी कुणी दिली. म्हणजे वर्षानुवर्षं आपण ओट्यावर बसून जो वास घेत होतो तो कशाचा होता, हे लोकांना समजलं. त्यावर कुणी वाईट बोललं नाही. वहिनी नानांना दोन वेळचा डबा द्यायच्या. फक्त संध्याकाळी ओट्यांवर कुणी बसेना, आणि येता-जाता बायका मुलांना भिंतीच्या त्या बाजूने ओढून घेऊ लागल्या.

नानांनी वाफा पुन्हा लावला नाही. माती उकरलेली होती तशीच राहिली. घमेलं उपडं होतं तसं. ते दिवसभर आत बसत आणि माझ्याशी बोलले तर गळ्यांबद्दल बोलत नसत. मी मुद्दाम एकदा विचारलं, अमुक मंत्र्याची मान कशी होती? "कुनाला म्हाईत," ते म्हणाले. ज्या माणसाने माझ्या मानेवरून मला खोली दिली, त्याला मंत्र्याची मान आठवेना.

वैशाखाच्या उन्हात वाफ्याच्या कोपऱ्यात पात दिसली. खुरप्यातून एक मोठा कंद सुटला असावा. नानांनी तिला पाणी घातल्याचं मी पाहिलं नाही. पण मुरमाड माती, तापलेलं ऊन आणि वळवाच्या दोन सरी एवढं तिला पुरलं. दांडा वर आला, भरला, आणि ज्येष्ठात एका संध्याकाळी खालच्या कळ्या उघडल्या. मला तो वास रस्त्याच्या वळणावरच आला.

फाटकाशी पोचलो तर काहीतरी वेगळं वाटत होतं. 'फुले मागू नयेत' ही पाटी नव्हती. तिच्या तारा तेवढ्या लोंबत होत्या. नाना बाहेर रस्त्यात उभे होते. हातात ती दांडी. कापलेली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात कापलेली दांडी मी पहिल्यांदा पाहत होतो.

वहिनी समोरून दळण घेऊन येत होत्या.

"वहिनी, घ्या," नाना म्हणाले. "गुरुवार हाय ना आज? देवीला व्हईल."

वहिनींनी दळणाचा डबा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. "नको नाना."

"ताजी हायती. वास बगा तरी."

"वास हाय वो. वासाला काय झालंय? लई ग्वाड हाय." त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकल्या. "पर घरात लेकरंबाळं हायती माझ्या. ती मयताची फुलं, नाना." त्या हे इतक्या मायेने म्हणाल्या, की त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "सांच्याला पिठलं पाठवते," असंही म्हणाल्या आणि गेल्या.

मंडळाची दोघं पोरं मोटरसायकलवरून जात होती. नानांनी दांडी वर धरली. "घेतो नाना परत येताना," मागे बसलेला ओरडला. ते परत आले तेव्हा दुसऱ्या रस्त्याने गेले.

मग नाना माझ्याकडे वळले. "सर, तुमी घ्या," ते म्हणाले. "हितं उगं सुकून जातील."

फुलं दांडीवर सुकली पाहिजेत हे मला ज्या माणसाने इतकी वर्षं शिकवलं, त्याला मी त्याचीच आठवण करून देणार होतो. दिली नाही. दांडी घेतली. देठाकडून ती थोडी ओली होती. वरच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. पाण्यात ठेवल्या असत्या तर एक एक करून उमलल्या असत्या, पुढचे बरेच दिवस.

नानांनी माझ्या हनुवटीच्या खाली पाहिलं. जुन्या सवयीने, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तितकाच वेळ. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

ते आत गेले आणि त्यांनी फाटकाची कडी लावून घेतली. मी बाहेरच होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी दांडी हातात धरून फाटकाकडे बघत राहिलो. त्याच्यावर आता एकच पाटी होती, आणि आत कुत्रं नव्हतं.